बॉन्डवर घेतलेलं घर बँकेत चालत नाही

मागच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी सी.सी. लिमिट कशी घ्यायची ते बघितलं. बँक तारण मागते, तारणाला घर किंवा प्लॉट लागतो, इथपर्यंत सगळ्यांना पटलं. पण त्यानंतर ट्रेनिंगला आलेल्या दुकानदारांनी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. "सर, घर आहे हो. पण बॉन्डवर आहे. चालेल का?"

नाही चालत. व्हिडिओत एवढंच म्हणून पुढे गेलो, कारण दहा मिनिटांत हा विषय मावत नाही. आज सविस्तर लिहितो. मी वकील नाही, दुकानदार आहे. त्यामुळे हा सल्ला कोर्टाच्या बाजूने नाही, गल्ल्याच्या बाजूने आहे.

आधी बॉन्ड म्हणजे काय ते बघा. आपल्या बीड जिल्ह्यात, गेवराई असो, माजलगाव असो की अंबाजोगाई, स्टॅम्प पेपरलाच लोक बॉन्ड म्हणतात. पूर्वी शंभराचा असायचा, ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना पाचशेचा लागतो. त्यावर टाईप करायचं: अमुक गट नंबरमधला इतक्या फुटांचा प्लॉट, इतक्या रुपयांना, आजपासून ताबा दिला. दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, पेढे. झालं घर!

कायद्याच्या नजरेत यात घर झालेलंच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभर रुपये! त्या काळात ती रक्कम मोठी होती, आज त्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांचा नाष्टा होतो. म्हणजे तुमच्या घराला यातून सुटका नाही. त्याच कलमात पुढे असंही आहे की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताच हक्क तयार होत नाही. नोटरीने काय केलं? समोरच्या माणसाने त्याच्यासमोर सही केली, एवढंच सांगितलं. मालक कोण हे तो सांगत नाही, ते त्याचं कामही नाही.

काही जण बॉन्डच्या जोडीला मुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. त्यावरही सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगून टाकलं की करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे कागद जोडून घर विकता येत नाही.

"पण ताबा तर आपला आहे ना?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. करार करून ताबा घेतलेल्या माणसाला पूर्वी कायद्यात थोडं संरक्षण होतं. सप्टेंबर २००१ पासून ते मिळायला तो करारसुद्धा नोंदवलेला लागतो. आणि खरी गंमत पुढे आहे. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे करारात ताबा दिला असं लिहिलं की त्या करारावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे ज्या ओळीच्या जिवावर आपण झोपतो, तीच ओळ शुल्क बुडवल्याचा पुरावा होऊन बसते.

मग हुशार माणसं असं का करतात? पहिलं कारण खर्च. नगरपालिका हद्दीत पंचवीस लाखांचं घर धरा. मुद्रांक आणि नोंदणी मिळून दीड लाखाच्या आसपास जातात, थोडं इकडेतिकडे. नोंदणी फी एक टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही. मुद्रांक शुल्क सौद्याची रक्कम आणि सरकारी रेडी रेकनर यात जे जास्त असेल त्यावर लागतं. आणि एक गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी माहीत नाही: राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. पंचवीस लाखांवर सरळ पंचवीस हजार. पूर्वी ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये गेली. घरावर आईचं किंवा बायकोचं नाव लावायला आपल्या पुरुषांना जड जातं हे मला माहीत आहे. पण पंचवीस हजारांचा माल सुटत असता तर आपण पुण्याला जाऊन आणला असता.

दीड लाख वाचवले म्हणता, पण हिशोब दुकानदारासारखा करून बघा. पंचवीस लाख टाकले आणि त्यावर बँक एक रुपया देत नाही. दिवाळीचा माल भरायला दहा लाख लागले की तुम्ही खासगीत जाता, तीन टक्के महिन्याने. दहा लाखांचं महिन्याचं व्याज तीस हजार. पाच महिन्यांत दीड लाख संपले, आणि घर अजून बॉन्डवरच आहे.

दुसरं कारण जास्त खरं आहे, आणि त्यात सगळा दोष घेणाऱ्याचा नाही. शहराच्या कडेला शेतकरी एकरातून गुंठा-दोन गुंठे काढून विकतो. तुकडेबंदी कायदा १९४७ चा, त्यामुळे एवढ्या छोट्या तुकड्याची खरेदी नोंदवली जात नव्हती. मग लोकांनी बॉन्डचा रस्ता काढला. २०२५ च्या शेवटी सरकारने अध्यादेश आणून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले रहिवासी भागातले असे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करायची वाट उघडली. ती बातमी आल्यापासून एजंट लोक "आता बॉन्डसुद्धा चालतो" म्हणत फिरायला लागले. सरकारने तुकड्याचा दोष माफ केला, बॉन्डची खरेदी केली नाही. नाव सातबाऱ्यावर यायला दस्त लागणारच. तुमचा तसा जुना प्लॉट असेल तर विकणारा जिवंत आहे, ओळख ठेवून आहे, तोवर त्याला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जा. तो गेला की त्याच्या चार वारसांच्या मागे फिरावं लागेल, आणि तेव्हा प्लॉटचा भाव त्यांनाही कळलेला असेल. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली, तेव्हापासून हा भाव कुणालाच विसरू देत नाहीत.

आता जे म्हणतात, "सर, आम्ही रीतसर रजिस्ट्री केली, आम्हाला काय भ्या?" त्यांच्यासाठी. रजिस्ट्री लागतेच, पण रजिस्ट्री झाली म्हणजे विकणारा खरा मालक होता असं होत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीचा न्यायनिवाडा करत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये हे दोनदा सांगितलं. एप्रिलमध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात, की विकणाऱ्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही. आणि नोव्हेंबरमध्ये बिहारच्या प्रकरणात, की आपल्या देशात नोंदणी कागदाची होते, मालकीची नाही. म्हणजे तपासायचं काम कुणाचं? तुमचं. आपण भावात दहा हजार कमी करायला चार बैठका घेतो, आणि वकिलाच्या तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टला काही हजार द्यायचे म्हटलं की "आपल्याच गल्लीतला माणूस आहे हो" म्हणतो.

गल्लीतला माणूस तुम्हाला बहुतेक दोन कागद दाखवेल. नगरपालिकेत असेल तर पीटीआरचा उतारा, गावात असेल तर ग्रामपंचायतीचा आठ नंबर. हे दोन्ही कर आकारणीचे कागद आहेत. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची ते त्यात लिहिलेलं असतं. मालकीचा पुरावा म्हणून ते एकटे पुरत नाहीत. तलाठ्याचा आठ-अ वेगळा आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबर वेगळा, हेही ध्यानात ठेवा, नावाच्या सारखेपणावर बरेच सौदे उरकले जातात. गावठाणात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका मागा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन बऱ्याच गावांत आता ती मिळते. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, एन.ए.चा आदेश, मंजूर ले-आउट आणि जुने फेरफार. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. पंधरा रुपये!

सातबारा हातात आला की भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर थांबा, कारण तिथे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेले प्लॉट यात येतात. आणि आपल्या मराठवाड्याची खास गोष्ट म्हणजे इनाम. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी आणि माणसांना उपजीविकेसाठी दिलेल्या मदतमाश जमिनी इथे गावोगावी आहेत. त्यांचा माग आजच्या सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. १९५४ च्या सुमारासचं खासरा पाहणी पत्रक आणि असेल तर मुंतखब काढावा लागतो. आष्टी तालुक्यातल्या देवस्थान इनाम जमिनींच्या व्यवहारांवर गुन्हे दाखल झाले, महसूल खात्यातल्या लोकांपर्यंत चौकशी पोहोचली, हे सगळं आपण पेपरात वाचलंय. अशा जमिनीवर प्लॉटिंग होऊन घर उभं राहिलं, तुम्ही चौथे घेणारे आहात आणि तुमचं खरेदीखत अगदी नोंदवलेलं आहे, तरी मुळात विकणाऱ्यालाच विकायचा हक्क नव्हता तर तुमच्याकडे काय येणार?

आता बहिणी. या एका विषयावर मी तासभर बोलू शकतो.

वडिलोपार्जित घर, वडील गेले, दोन भाऊ विकतायत. तीन बहिणी, एक जालन्याला, एक पुण्याला, एक गावातच. भाऊ म्हणतात, "त्यांचं काही नाही हो, त्यांना लग्नात दिलंय." कायदा असं म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा २००५ मध्ये बदलला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो, २००५ ला वडील जिवंत होते की नाही याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती उघडता येत नाही, ते वेगळं. बाकी बहिणीचा हिस्सा आहे. तो तिने सोडला असेल तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र दाखवा. पाचशेच्या बॉन्डवर "माझी हरकत नाही" असं लिहिलेलं चालत नाही.

माझं मत सरळ आहे. बहिणींची सही असेल तरच घर घ्या, आणि ती सही खरेदीखतावरच घ्या, मोबदल्यातला तिचा हिस्सा तिच्या खात्यात टाकून. भाऊ नाराज होतील, सौदा मोडेलही. मोडू द्या. जो माणूस आपल्या बहिणीला विचारायला तयार नाही, तो उद्या तुमच्या बाजूने कोर्टात उभा राहणार आहे का? आणि ज्या ताया हे वाचतायत त्यांना सांगतो, रक्षाबंधनाला ओवाळणीत पाचशे रुपये आणि जेवणानंतर सहीला कागद असं झालं तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. द्यायचा असेल हक्क तर खुशाल द्या, तुमचा आहे. पण काय देताय ते माहीत असू द्या.

पैशाकडे येऊ. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्यापासून "आता पैसा कुठेच ठेवायचा नाही, प्लॉटमध्येच टाकायचा" म्हणणारे मला रोज भेटतात. त्यांचं दुखणं मला समजतं. पण हा पैसा बरेचदा रोखीत जातो: दस्तात पंधरा लाख, टेबलाखालून दहा. घर किंवा जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, ही तरतूद २०१५ पासून आहे. आणि बंगळुरूच्या एका प्रकरणात काय झालं ते बघा. काही लोक कोर्टात गेले की आम्ही जमिनीच्या करारापोटी पंचाहत्तर लाख रोख दिलेत, आम्हाला संरक्षण द्या. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचा दावा तर फेटाळलाच, वर असंही सांगितलं की दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा कोर्टात आला तर कोर्टाने आणि दस्तात दिसला तर निबंधकाने आयकर खात्याला कळवावं. म्हणजे रोख दिलेल्या पैशासाठी भांडायला जाणं म्हणजे स्वतःची तक्रार स्वतः करणं झालं. शिवाय बँक कर्ज देताना दस्तातली रक्कम बघते, आणि तुम्ही पुढे घर विकाल तेव्हा तुमची खरेदी पंधराचीच धरली जाईल. वरच्या दहा लाखांवर नफा समजून कर तुम्ही भराल.

विकणाऱ्यांसाठी कुणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. सुरतच्या एका कुटुंबाने २००९ मध्ये जमीन विकली. किंमत एक कोटी चौऱ्याहत्तर लाख, छत्तीस चेकने द्यायची. खरेदीखतात सगळे चेक मिळाले असं लिहिलं, सह्या झाल्या. पुढे त्यांचं म्हणणं असं की हातात चाळीस हजारच आले. २०१४ च्या शेवटी ते कोर्टात गेले, खरेदीखत रद्द करा म्हणून. जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहीबेन प्रकरणात निकाल दिला: पैसे पूर्ण मिळाले नाहीत एवढ्याने नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही, पैशाच्या वसुलीचा दावा करायचा होता, आणि तुमची मुदतही गेली. म्हणून दादा, पुढच्या तारखेचे चेक घेऊन अंगठा लावायचा नाही. आधी आर.टी.जी.एस. खात्यात जमा झाल्याचा मेसेज किंवा बँकेचा डी.डी. हातात, त्याचा नंबर दस्तात, मग सही. घेणारा कर्ज काढत असेल तर बँकेचा चेक सहीच्या दिवशी ऑफिसातच मागा. पाहुणा असला तरी मागा.

आणि एक विक्री अशी असते जी विक्री नसतेच. हातउसने पाच लाख हवेत, समोरचा म्हणतो, "नावापुरतं खरेदीखत करून दे, पैसे दिले की परत फिरवतो." कर्ज आणि घर अशा दोन्ही चिंता असलेल्या माणसाला हे सोपं वाटतं. कायद्याने घर परत द्यायची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर ते गहाण म्हणून धरत नाहीत, खरेदी म्हणूनच धरतात. तोंडी शब्दाला तिथे जागा नाही. यात अडकला असाल तर एक दार आहे. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, त्याच्या कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अवैध सावकारीपोटी घेतलेली मालमत्ता आहे असं चौकशीत ठरलं तर ती परत द्यायचा आदेश ते देऊ शकतात. त्यासाठी व्याज दिल्याचे पुरावे लागतात. वहीतल्या नोंदी, फोन पे, मेसेज, काय असेल ते जपून ठेवा. पण त्या दारापर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणूनच मी तारणाची आणि बँकेची एवढी कटकट करतो.

ज्यांचा सौदा आता ठरतोय त्यांनी इसार देताना शेवटची तारीख स्पष्ट लिहा. ठरलेल्या तारखेनंतर खरेदीखत करून द्या असा दावा करायला तीन वर्षंच मिळतात, आणि "करू की, जातंय कुठं" म्हणता म्हणता ती जातात. खरेदीखतावर सह्या झाल्यावर चार महिन्यांत ते नोंदणीला सादर करावं लागतं. त्याच दिवशी केलेलं बरं. चतुःसीमा जागेवर उभं राहून वाचा, घरी बसून नाही. पूर्वेला रस्ता लिहिलाय आणि प्रत्यक्षात शेजाऱ्याची भिंत आहे, असे दस्त मी ट्रेनिंगला आलेल्यांच्या फाईलीत बघितलेत.

नोंदणी झाली की सूची दोन घ्या. सातबारा असेल तर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ते संपल्यावर नोंद मंजूर झाली का ते तलाठ्याकडे किंवा ऑनलाईन बघा, आपोआप झालं असेल असं समजून बसू नका. मग पीटीआरला किंवा आठ नंबरला नाव, नळपट्टी, आणि महावितरणच्या मीटरवर नाव. जुन्या मालकाची मूळ खरेदीखतं, आधीच्या सगळ्या साखळीची, ताब्यात घ्या. झेरॉक्स नको. सी.सी.ची फाईल लावायला जाल तेव्हा बँकेचा पॅनलवरचा वकील सगळ्यात आधी तीच मागतो.